देवघरातला बाण आणि गाभाऱ्यातली पिंड

"मावशी, आता दोन बाण झालेत गं. काय करू?"

भाचीचा फोन आला तेव्हा ती देवघरासमोरच बसली होती. इंदूरच्या रामबागेतलं सासरचं जुनं घर विकलं, सासूबाई तिच्याकडे फ्लॅटवर राहायला आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे देवही आले. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, आणि पितळी शाळुंकेत, म्हणजे पिंडीच्या पीठात, बसवलेला एक बाण, शंकर म्हणून पुजायचा नर्मदेतला गुळगुळीत दगड. हिच्या देवघरात माहेरहून आलेला एक बाण आधीच होता. एका प्रश्नातून दहा प्रश्न निघाले. दूध रोज घालायचं का? शाळुंकेचं निमुळतं तोंड कुठल्या दिशेला? तीर्थ घ्यायचं की नाही? मोबाइलवर एक जण एक सांगतो, दुसरा बरोबर उलटं सांगतो, आणि दोघंही न पाळल्यास संकट येईल म्हणून घाबरवतात.

मी भटजी नव्हे. पण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात शंकराची पूजा चालत आली आहे आणि वडिलांच्या शेजारी बसून मी ती पाहत, विचारत वाढले. त्यावरून माझं एक पक्कं मत झालं आहे. पिंडीच्या पूजेचे नियम पाठ करायला गेलं तर संपत नाहीत. पण दगड कसला आहे आणि त्यावरून वाहिलेलं पाणी कुठं जातं, एवढं समजून घेतलं की बहुतेक नियम आपोआप उलगडतात. भाचीला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

आधी शब्द. लिंग म्हणजे खूण. शाळेत आपण पुल्लिंग, स्त्रीलिंग शिकतो तिथेही अर्थ हाच: शब्द कोणत्या जातीचा, ते ओळखायची खूण. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचं लिंग मानतात. अग्नी दिसत नाही, धूर दिसतो, आणि धुरावरून अग्नी आहे हे कळतं. जो दिसत नाही, ज्याला आकार नाही, त्याची खूण म्हणजे शिवलिंग. आंध्रातल्या गुडिमल्लम इथलं फार प्राचीन लिंग पाहिलं तर त्याचा आकार सरळसरळ पुरुषलिंगाचा आहे, हेही मोकळेपणानं मान्य करावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. निर्मितीची खूण म्हणून माणसानं तो आकार निवडला, आणि पुढच्या शतकांत तोच आकार खांबासारखा, ज्योतीसारखा, निराकाराकडे सरकत गेला. आपण मराठी लोक तर बोलताना पिंड किंवा पिंडी म्हणतो, तीही जवळच्या नात्यातल्या माणसाबद्दल बोलावं तशी.

देवळातली पिंड आपल्याला दिसते त्यापेक्षा बरीच उंच असते. शास्त्राप्रमाणे घडवलेल्या लिंगाचे तीन भाग. सगळ्यात खालचा चौकोनी, तो ब्रह्मभाग, जमिनीत पुरलेला. मधला अष्टकोनी, तो विष्णुभाग, शाळुंकेच्या आत लपलेला. वर उरतो तो गोल रुद्रभाग. पाणी, बेल, भस्म सगळं त्याच्यावर. म्हणजे शंकराला पाणी घालताना त्या पिंडीत तिघंही असतात, आपल्याला मात्र एकच दिसतो. शाळुंका म्हणजे भोवतालचं पीठ, ते शक्तीचं. तिचं निमुळतं तोंड म्हणजे प्रणाल, पाणी बाहेर जायची वाट. देवळांत ही वाट बहुधा उत्तरेला काढतात. घरीही तसंच ठेवावं: आपण दक्षिणेला बसून उत्तरेकडे तोंड केलं की प्रणाल आपल्यापासून लांब जाते आणि तीर्थाचं पाणी मांडीवर येत नाही.

आता बाण. आपण इंदूरकर या बाबतीत भाग्यवान आहोत, कारण बाण येतात ते आपल्या नर्मदेतून. "नर्मदा के कंकर, उत्ते शंकर" हे आपण लहानपणापासून निमाडी माणसांच्या तोंडून ऐकतो. नदीच्या खडकात खोल खळगे पडतात, त्यात पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, अडकलेले दगड एकमेकांवर आणि खडकावर घासतात आणि हजारो वर्षांत अंड्यासारखे गुळगुळीत होतात. यासाठी धाराजीजवळचं धावडी कुंड प्रसिद्ध होतं. ते आता ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली गेलं. खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावात नदीतला दगड आणून यंत्रावर घासून पिंडी घडवतात, आणि घाटावरच्या दुकानांत दिसणारे तुळतुळीत नर्मदेश्वर बहुतेक असेच घडवलेले असतात. यात फसवणूक नाही, दगड नर्मदेचाच असतो. मात्र तोच "स्वयंभू" म्हणून कोणी दहापट किंमत सांगत असेल तर घेऊ नका.

हा दगड बहुतेक वेळा गारगोटीच्या कुळातला, अतिशय कठीण. त्याची ओळख कोरडा असताना पटत नाही. सासूबाईंचा बाण मी हातात घेतला तेव्हा तो राखाडी, निस्तेज, लिंबाएवढा दगड होता. फुलपात्रातलं पाणी घातलं आणि एका क्षणात त्याच्या कमरेभोवती विटकरी पट्टा उमटला, पट्ट्याच्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ. त्या रेघेला जुनी माणसं बाणाचं जानवं म्हणतात. पुसून ठेवला की पाच मिनिटांत पट्टा फिका पडत पडत जातो. रोज पाणी घालणाऱ्यालाच तो दिसतो.

बाणाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि घरच्या पूजेसाठी तेच सर्वांत महत्त्वाचं. त्याला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. कारागिरानं घडवलेल्या मूर्तीत मंत्रांनी देवत्व आणावं लागतं, बाणात आणि शाळिग्रामात ते मुळातच आहे असं मानतात. त्यामुळे त्यांना आवाहनही नाही आणि विसर्जनही नाही. पूजेत "आवाहयामि"च्या जागी नुसतं फूल वाहतात. प्रतिष्ठा नाही म्हणून बंधनंही कमी. गावाला गेलात, घरात सुतक आलं, चार दिवस पूजा चुकली, तर देव कोपेल म्हणून रात्र जागवण्याची गरज नाही. शेजारणीला पाणी घालायला सांगा, किंवा बाण ताम्हनात थोड्या पाण्यात ठेवून जा. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चाललं.

देवळाचं तसं नाही. तिथली पिंड अचल, जागेवर रोवलेली. तिची विधिपूर्वक प्रतिष्ठा झालेली असते आणि त्या दिवशी गावानं तिला शब्द दिलेला असतो की रोजची पूजा, दिवा, नैवेद्य चुकणार नाही. म्हणून देवळाला पुजारी लागतो, उत्पन्न लागतं, जमिनी लावून द्याव्या लागतात. अहिल्याबाईंनी काशी विश्वेश्वराचं देऊळ १७८० मध्ये पुन्हा उभं केलं, सोमनाथला, वेरूळच्या घृष्णेश्वराला हात लावला, त्याबरोबर पूजेची व्यवस्थाही लावून दिली. नुसती भिंत उभारून अचल पिंडीची पूजा चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

घरातली पिंड लहान हवी, साधारण अंगठ्याच्या पेराएवढी, असं सांगतात त्याचंही मूळ इथंच आहे. मोठी पिंड मोठा उपचार मागते. आपल्या ओट्याजवळच्या देवघरात, सकाळी डबे भरायच्या गडबडीत, तो निभत नाही. एका घरात दोन लिंगं, दोन शाळिग्राम, दोन शंख, तीन गणपती पुजू नयेत असा जुना श्लोक आहे. त्यामागे मला तरी एवढंच दिसतं की एका गृहस्थानं झेपेल तेवढंच अंगावर घ्यावं. अपशकुनाची भीती त्याला मागाहून चिकटली. माझ्या माहितीत दोन्ही बाण श्रद्धेनं पुजणारी घरं आहेत आणि ती सुखात आहेत. पण भाचीला नियम पाळायचा होता, तर वाट सोपी आहे: कुटुंबात ज्या घरी बाण नाही तिथे द्यावा, देवळात नेऊन ठेवावा, नाहीतर नर्मदेतला नर्मदेत सोडावा.

पाच देव एकत्र पुजतात त्या पंचायतनातही काही देव आपापली नदी घेऊन येतात. शंकराचा बाण नर्मदेचा, विष्णूचा शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीचा, गणपतीचा तांबडा दगड शोणेचा, सूर्यासाठी स्फटिक, देवीसाठी सोनेरी चकाकीचा दगड किंवा धातू. मध्ये शंकर असेल तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, वायव्येला देवी. शोण आणि नर्मदा दोघी अमरकंटकच्या एकाच डोंगराळ मुलखातून निघतात आणि एकमेकींकडे पाठ करून वाहतात. देवघरात त्यांचे दगड पुन्हा हातभर अंतरावर येतात. हे मला फार आवडतं.

रोजची पूजा किती? दहा मिनिटांची. बाण ताम्हनात घ्यायचा, पळीनं पाणी घालत "नमः शिवाय" म्हणायचं, पुसायचा, भस्म किंवा चंदन लावायचं, बेल असेल तर बेल, नसेल तर पांढरं फूल, नाहीतर अक्षता. दिवा, साखरेचा नैवेद्य. पाणी नळाचं चालेल का, असं भाचीनं विचारलं. अगं, आपल्या नळाला येतं तेच नर्मदेचं! मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पाइपातून, डोंगर चढून, १९७८ पासून ती इंदूरला येते. त्यासाठी १९७० साली सारं शहर रस्त्यावर उतरलं होतं. म्हणजे इंदुरातल्या प्रत्येक बाणाला रोज त्याच्या आईचंच पाणी मिळतं.

बेल वाहताना देठाची गाठ काढून, पान पालथं, गुळगुळीत बाजू पिंडीला लागेल असं ठेवतात. बेल शिळा होत नाही, धुऊन पुन्हा वाहता येतो. सोमवारी बेल तोडू नये, आदल्या दिवशी आणून ठेवावा. तुळस, केवडा शंकराला नाही. केवड्याची कथा अशी की ब्रह्मदेवाला लिंगाचा शेंडा सापडला नसताना तो सापडला, अशी त्यानं ब्रह्मदेवाच्या बाजूनं खोटी साक्ष दिली. हळदही वाहत नाहीत, पण यावर फार ताणू नये. आपल्या होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, तो शंकराचाच अवतार, आणि त्याला तर भंडाऱ्यानं न्हाऊ घालतात. जिथली जशी रीत, तिथं तशी पूजा.

आता दुधाकडे येऊ, कारण इथे दगडाची गोष्ट खरोखर कळीची ठरते. पंचामृतातलं दही आंबट असतं, त्यात आम्ल असतं. संगमरवर आम्लात झिजतो. पांढरी संगमरवरी पिंड घरी असेल तर तिच्यावर रोज दही-लिंबू पडू देऊ नका, दहा वर्षांत कडा बोथट होतील. गारगोटीच्या जातीच्या बाणाला आम्लानं काही होत नाही. त्याचं काम फक्त कोमट पाण्यानं धुऊन तुपाचा थर काढणं एवढंच. पितळी शाळुंका चिंचेनं घासायची असेल तेव्हा बाण आधी बाजूला काढावा. चिंचेचा चोथा फटीत राहिला की तिथं हिरवा कळकट थर धरतो.

देवळात हाच प्रश्न हजारो हातांनी गुणला जातो. आपल्यापासून पंचावन्न किलोमीटरवर उज्जैनचा महाकाल आहे. तिथल्या पिंडीची झीज होते आहे ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तज्ज्ञांची समिती येऊन पाहून गेली आणि २०१७ पासून रीत बदलली. जलाभिषेकाला प्रत्येकी अर्धा लिटरच पाणी, तेही आरओचं. भस्मारतीच्या वेळी पिंडीवर कोरडं सुती कापड. २०२० मध्ये न्यायालयानं भक्तांनी पिंड चोळायलाही मनाई केली, कारण तूप, दही, मध चोळण्यानंही झीज होते. तेव्हा अनेकांना वाईट वाटलं. मला ते निर्णय योग्य वाटतात. पिंडीला हात लावायची ओढ मी समजू शकते, मलाही ती आहे. पण एकाच पिंडीवर लाखो तळवे फिरले तर पुढच्या पिढ्यांना काय उरणार? वैशाख-ज्येष्ठात तिथं पिंडीवर अकरा मातीचे घट टांगतात, त्याला गलंतिका म्हणतात. दोन महिने थेंब थेंब पाणी पडत राहतं. आपल्या घरच्या अभिषेकपात्राचंच ते मोठं रूप. अभिषेकाचं खरं स्वरूप धार आहे, आणि धार बारीकच असते.

इंदूरजवळच्या देवगुराडियाच्या गुटकेश्वराला तर हे काम डोंगरच करतो. पावसाळ्यात गोमुखातून झऱ्याचं पाणी पिंडीवर पडत असतं. लहान मुलांना अभिषेक काय ते समजवायचं असेल तर श्रावणात तिथं घेऊन जा.

पाणी पिंडीवरून गेल्यावर ते साधं राहत नाही, म्हणून प्रणाल ओलांडत नाहीत. शंकराची प्रदक्षिणा अर्धी. प्रणालेपर्यंत जायचं, मागे फिरायचं, दुसऱ्या बाजूनं पुन्हा तिथवर यायचं. तिला सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात. तीर्थ-प्रसादाचा गोंधळही असाच सुटतो. शंकराला वाहिलेल्यावर त्याच्या चंड नावाच्या गणाचा हक्क, म्हणून ते घेऊ नये असा नियम आहे. पण बाणलिंग, स्वयंभू आणि ज्योतिर्लिंगं त्याला अपवाद. तेव्हा घरच्या बाणाचं तीर्थ खुशाल घ्या. फक्त एक पारदलिंग सोडून. पारा विषारी असतो आणि तो एकटा घट्ट राहत नाही, घट्ट पिंड म्हणजे त्यात दुसरे धातू मिसळलेले. ती घरी असलीच तर तिचं तीर्थ कोणीही पिऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि तिला ऊन-आच लागू देऊ नये. हे मी कळकळीनं सांगते.

पिंडीवर अभिषेक करताना म्हणतात तो लघुरुद्र म्हणजे नेमकं काय, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत रुद्राचे अकरा अनुवाक, म्हणजे मंत्रांचे भाग, आहेत, त्यांना नमक म्हणतात, कारण त्यात "नमः" पुन्हा पुन्हा येतं. "नमः शिवाय" ही अक्षरं त्यातल्याच आठव्या अनुवाकातली. दुसऱ्या अकरांत "च मे" येतं, ते चमक. नमक अकरा वेळा म्हणायचा आणि प्रत्येक वेळी चमकाचा एक अनुवाक जोडायचा, ही झाली एकादशनी. अकरा एकादशनी म्हणजे १२१ आवर्तनं, तो लघुरुद्र. १३३१ चा महारुद्र, १४६४१ चा अतिरुद्र. अकरा जण बसले की प्रत्येकाची एक एकादशनी होऊन लघुरुद्र पुरा होतो, म्हणून घरी अकरा ब्राह्मण बोलावतात. नमकात रुद्र चोरांमध्ये आहे, सुतारांत, कुंभारांत, कोळ्यांत आहे, असं एकेकाला नमस्कार करत जातो. अर्थ लावून एकदा वाचा. पूजेला बसताना मन वेगळं होतं.

इंदुरातल्या मराठी घरांत दर वर्षी होणारा एक घोळ श्रावणाचा. समोरच्या हिंदी भाषक शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपला दिव्याच्या अवसेनंतर, पंधरा दिवस उशिरा. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा भाद्रपद लागला तरी आपला श्रावण वद्य पक्ष चालूच असतो. महाकालाच्या सवाऱ्याही, म्हणजे पालखीच्या मिरवणुकाही, त्यांच्या श्रावणापासून भाद्रपदातल्या सोमवारांपर्यंत निघतात, म्हणजे दोन्ही पंचांगांचा श्रावण त्यात येतो. ते देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी नव्यानं उभं केलं, त्यामुळे हे दुहेरी पंचांग उज्जैनला परकं नाही. नव्या सुनेनं लग्नानंतर पाच वर्षं शिवामूठ वाहायची ती आपल्या श्रावणात: पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मूग, जव, आणि पाचवा सोमवार आला तर सातू.

देवळात जायला जमत नाही आणि घरी बाणही नाही, त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे, पार्थिव लिंग. मातीचं करायचं, पुजायचं, त्याच दिवशी पाण्यात सोडायचं. महेश्वरला अहिल्याबाईंच्या वाड्यात आजही रोज लिंगार्चन होतं. काळ्या मातीची बोटाच्या टोकाएवढी हजारो लिंगं पाटांवर मांडतात, त्यात तांदळाचा दाणा ठेवतात, पूजा झाली की सगळं नर्मदेत. माती नदीला, दाणा माशांना.

भाचीनं शेवटी माहेरचा बाण ठेवला. सासूबाईंचा धाकट्या नणंदेला दिला. ती बंगळूरला असते, तिच्या घरी बाण नव्हता. निघताना सासूबाईंनी तो आपल्या हातानं पुसला, धुवट धोतराच्या तुकड्यात बांधला आणि तिच्या पर्समध्ये ठेवला. मग भाचीला एकदम आठवलं: "मावशी, तिथं नळाला नर्मदा नाही ना!" नाही, तिथं कावेरी आहे. पण पूजेच्या सुरुवातीला कलशावर हात ठेवून आपण म्हणतोच, "गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिंधु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु." ते रोज म्हणायला मी त्या नणंदेला सांगितलं आहे. पहिल्या सोमवारी तिनं ओल्या बाणाचा फोटो पाठवला. विटकरी पट्टा स्पष्ट दिसत होता.